शेगडीच्या राखेत काचेचा गोळा, काळे पोपडे आणि हिरवी झाक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बंद लोखंडी शेगडीची राख उपसताना तीन अनोळखी गोष्टी दिसल्या. जाळीवर मुठीएवढा, राखाडी-हिरवट, भोकं पडलेला आणि काचेसारखा चमकणारा टणक गोळा. मागच्या बाजूला राखेच्या वरच पडलेले, फुगलेले, अगदी हलके काळे पोपडे. आणि एका कोपऱ्यातल्या राखेला निळसर-हिरवी झाक. यंदा नेहमीच्या सरपणाबरोबर जुन्या कुंपणाचे काही तुकडे जाळले, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. हे विषारी आहे का आणि राख भाजीच्या वाफ्यात घालावी का, असं विचारलंय.

आधी उत्तर देतो, मग कारणं. राख वाफ्यात घालू नका. शेगडी तूर्त पेटवू नका. काचेच्या गोळ्याचं स्वतःचं काही भय नाही. काळे पोपडे धुराड्यातून आलेत आणि ते फुगलेले असतील तर धुराड्यात एकदा आग लागून गेली असण्याची शक्यता आहे. हिरव्या झाकेचं उत्तर मात्र राखेपेक्षा त्या कुंपणाच्या तुकड्यांत आहे आणि मला सगळ्यांत जास्त काळजी तिचीच वाटते.

शेगड्या आणि धुराडी साफ करण्यात माझी पंचवीसेक वर्षं गेली. लोक राखेतली वस्तू पिशवीत घालून आणतात, समोर ठेवतात आणि विचारतात, हे काय? माझा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो: ही नेमकी कुठे पडली होती? जाळीवर, जाळीखालच्या राखपेटीत, भिंतीला चिकटून, की राखेच्या वर? शेगडीत परकी वस्तू तीनच वाटांनी येते. सरपणाबरोबर येते, शेगडीच्या स्वतःच्या अंगातून झडते, किंवा धुराड्यातून खाली पडते. सरपणाबरोबर आलेली वस्तू राखेत मिसळलेली किंवा जाळीवर बसलेली असते. शेगडीतून झडलेली वस्तू भिंतीच्या कडेला किंवा शेगडीच्या आतल्या छताच्या पत्र्याखाली सापडते. धुराड्यातून पडलेली वस्तू राखेच्या वर असते आणि बहुधा त्या पत्र्यावरही साठलेली असते. तुम्ही राख ढवळण्याआधी जागा लक्षात ठेवल्यात, त्यामुळे निम्मं काम झालं. रंगावरून ओळख पटवायला गेलं की माणूस हमखास फसतो.

नेहमीची राख कशी असते ते आधी सांगतो, म्हणजे वेगळेपण मोजायला काहीतरी हाताशी राहील. साल काढलेलं चांगलं वाळलेलं लाकूड जळलं की त्याच्या वजनाच्या शेकडा एक भाग किंवा त्याहूनही कमी राख उरते. सालीची राख त्याच्या कित्येक पट असते. या राखेत सर्वांत मोठा वाटा चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमच्या संयुगांचा. त्याखालोखाल पोटॅश, मग मॅग्नेशियम, थोडं फॉस्फरस, थोडी सिलिका. रंग पांढरट ते करडा, स्पर्श पिठासारखा. काळी राख म्हणजे न जळलेला कोळसा. तो हवा कमी मिळाल्याची किंवा लाकूड ओलं असल्याची खूण, त्यात गूढ काही नाही. लालसर राख बहुतेक वेळा सालीला चिकटून आलेल्या मातीची. मातीतलं लोह भाजलं की विटेचा रंग येतो.

या आकड्यातच धोक्याचं गणितही आहे. शंभर किलो लाकडाची एक किलो राख होते, म्हणजे जे जळत नाही आणि उडून जात नाही ते सगळं राखेत शंभर पट दाट होऊन बसतं. लाकडात नगण्य असलेला धातू राखेत नगण्य राहत नाही.

आता तुमचा गोळा. आमच्या कामात याला खंगर म्हणतात. भट्टीत जास्त भाजून एकमेकींना चिकटलेल्या विटांना जो शब्द आहे तोच, आणि घडतंही तेच. सिलिका, म्हणजे वाळूचा मूळ पदार्थ, एकटी असेल तर १,७०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. एवढी धग घरच्या शेगडीत कधीच नसते. पण पोटॅशची संगत मिळाली की तीच सिलिका साडेसातशे ते आठशे अंशांना पाघळू लागते आणि एवढी धग निखाऱ्यांच्या थरात सहज असते. पोटॅश लाकडात असतंच. सिलिका येते सालीला लागलेल्या मातीतून आणि वाळूतून. दोन्ही वितळून एकजीव होतात, आत अडकलेला वायू बुडबुडे करतो आणि विस्तव निवला की भोकाभोकांचा काचेरी गोळा उरतो. जमिनीवरून फरफटत आणलेल्या ओंडक्यांनी खंगर हटकून होतो. गवत, पेंढा, भुसा यांच्या कांड्या जाळणाऱ्यांना तर तो रोजचाच. भाताच्या तुसाची राख वजनाच्या पंचमांश भरते आणि ती जवळजवळ सगळी सिलिकाच असते. बांबूतही सिलिका भरपूर, वंशलोचन म्हणतात ते बांबूच्या पेरात साठलेली सिलिकाच.

खंगराचा हिरवट रंग पाहून घाबरू नका. जुन्या बाटल्यांची काच जशी लोहाच्या अंशामुळे हिरवी दिसते, तसाच हा रंग. ओळख पटवायची असेल तर तीन गोष्टी बघा. खंगर नखाने ओरखडला जात नाही, फोडला तर कडा काचेसारख्या धारदार निघतात (हातमोजे घाला), आणि व्हिनेगरचा थेंब टाकला तर त्यावर फेस येत नाही. फेस आला तर तो खंगर नव्हे, चुन्याची ढेप आहे. फक्त तुमच्या बाबतीत एक मेख आहे. ज्या शेगडीत संशयित लाकूड जळलंय तिच्यातल्या कशावरही आम्ल टाकायचं नाही. का, ते पुढे येतं.

खंगर विषारी नसला तरी निर्दोष नाही. तो जाळीची भोकं बुजवतो, खालून येणारी हवा अडते, जाळीला थंडावा मिळेनासा होतो आणि बिडाची जाळी वाकते. माझ्या पाहण्यात वाकलेल्या जाळ्यांमागे बऱ्याचदा खंगरच होता. निवल्यावर तो हाताने उचलून काढावा. गरम जाळीवर हातोडा मारू नये, बीड तडकतं.

काळ्या पोपड्यांकडे येऊ. ही गोष्ट घाईने करण्यासारखी आहे. लाकडाचा धूर धुराड्यात थंड होतो तेव्हा त्यातल्या डांबरी वाफा आतल्या भिंतीवर बसतात. याला क्रिओसोट म्हणतात. धुराड्यातला वायू साधारण १२० अंशांच्या खाली गेला की हे बसणं वाढतं. ओलं लाकूड, झडप आवळून रात्रभर धुमसत ठेवलेली शेगडी आणि बाहेरच्या गारठ्यात उघडं उभं असलेलं धुराडं, ही त्याची तीन मुख्य कारणं. वीस टक्क्यांहून जास्त ओल असलेलं लाकूड जाळूच नये, असा नियम आम्ही सांगतो तो यासाठीच.

क्रिओसोटची रूपं वेगवेगळी. सुरुवातीला ती मऊ काजळी असते, ब्रशने निघते. पुढे चमकदार, करकरीत पोपडे होतात, आणि हे आपोआप सुटून शेगडीत पडतात. त्यानंतर काळ्या लाखेसारखा थर, जो खरवडूनही निघत नाही. हे पोपडे आणि हा थर जड किंवा दाट असतात, वास डांबराचा, आणि चिमट्यात धरून ज्योतीजवळ नेले तर पेट घेतात. हा प्रयोग घराबाहेर, वाऱ्यापासून आडोशाला, एवढ्याशा तुकड्यावरच करावा. तुम्ही लिहिलेलं रूप याहून वेगळं आहे: फुगलेलं, हलकं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखं जाळीदार. क्रिओसोट जिथे होतं तिथेच पेटलं की ते उकळतं, फुगतं आणि असं भुसभुशीत होऊन मागे राहतं. म्हणजे धुराड्यात आग लागली आणि विझलीसुद्धा. पुष्कळदा घरातल्यांना कळतच नाही. कळलं तर आगगाडी जावी तसा घरघराट, पाइप लाल होणं, छपरावर ठिणग्या, अशा खुणा असतात. छोटी आग मात्र चुपचाप होऊन जाते.

अशी आग हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते. तेवढ्या धगीत मातीच्या नळ्यांना तडे जातात, पोलादी पाइपाचे सांधे उघडतात, विटांमधला सांधेचुना मोकळा होतो. पुढच्या वेळी ज्वाळा किंवा कार्बन मोनॉक्साइड त्या तड्यांतून घराच्या लाकूडकामात किंवा खोल्यांत शिरतो. एका घरी मी गेलो होतो तेव्हा घरमालकाने ओंजळभर असेच पोपडे कौतुकाने दाखवले होते. ‘आता धुराडं आपोआप साफ झालं,’ असं त्यांना वाटत होतं. कॅमेरा वर सरकवला तर नळीला उभी, हात जाईल एवढी लांब चीर. त्यांनी दोन महिने त्याच धुराड्यावर शेगडी चालवली होती. म्हणून म्हणतो, आत कॅमेरा फिरवून तपासणी होईपर्यंत काडी लावू नका. धुराडं साफ करणाऱ्या माणसाला ‘फुगलेलं क्रिओसोट सापडलं’ एवढं सांगा, तो घाई करेल.

आता हिरवी झाक. इथे थोडा वेळ थांबतो, कारण दोन अगदी वेगळ्या गोष्टी डोळ्यांना सारख्याच दिसतात. एक नैसर्गिक आणि जवळजवळ निरुपद्रवी, दुसरी घरात ठेवण्याच्याही लायकीची नाही.

नैसर्गिक कारण मँगनीज. आम्लधर्मी जमिनीत वाढलेली झाडं मँगनीज भरपूर उचलतात. त्यांची राख पोटॅशच्या सान्निध्यात, भरपूर हवेत, चांगली तापली की पोटॅशियम मँगनेट तयार होतं आणि राखेला गडद हिरवी किंवा निळसर-हिरवी छटा येते. ही छटा जिथे धग जास्त होती तिथे, म्हणजे हवेच्या तोंडाशी, ठिपक्यांनी दिसते. या पदार्थाची गंमत अशी की पाण्यात तो हिरवा विरघळतो, हळूहळू गुलाबी-जांभळा होतो आणि शेवटी तपकिरी गाळ होऊन तळाशी बसतो. रंग बदलण्याच्या या खोडीमुळे युरोपातल्या जुन्या रसायनतज्ज्ञांनी त्याला ‘खनिज सरडा’ म्हटलं होतं.

दुसरं कारण तांबं. तेही निरुपद्रवी वाटेने येऊ शकतं. ज्वाळा रंगीत दिसण्यासाठी टाकायच्या पुड्यांत आणि धुराड्याची काजळी सैल करणाऱ्या काही भुकट्यांत तांब्याचे क्षार असतात. तुम्ही तसलं काही टाकलं असेल तर आठवून बघा. पण कुंपणाचं लाकूड म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते सीसीएचं, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या द्रावणाने दाबाखाली भिजवलेल्या लाकडाचं. वाळवी आणि बुरशी यांना अडवणारं हे मिश्रण १९३३ साली सोंती कामेशम या भारतीय शास्त्रज्ञाने शोधलं आणि पुढची कित्येक दशकं जगभरचे खांब, कुंपणं, ओटे, बागेतल्या चौकटी त्यानेच टिकल्या. लाकूड टिकवण्याच्या कामात ते खरोखर अप्रतिम होतं. संकट येतं ते लाकूड जाळल्यावर. अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीस थांबवलं, पण तोवर उभारलेलं बरंचसं अजून उभं आहे आणि आता मोडून सरपणाच्या ढिगात येतंय.

लाकूड जळतं, धातू जळत नाहीत. आर्सेनिकचा काही भाग धुरातून जातो, बराचसा राखेत राहतो. अशा लाकडाच्या राखेत आर्सेनिकचं प्रमाण वजनाच्या काही टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. पाण्यात ते सहज उतरतं, म्हणून वाफ्यात घातलेली राख पावसाबरोबर मातीत मुरते आणि तिथून परत काढता येत नाही.

हे पुस्तकी भय नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या एका कुटुंबाची हकिकत १९८४ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. दर हिवाळ्यात घरातल्यांना पुरळ, श्वासाचे विकार, स्नायूंचे पेटके, केस गळणं असा त्रास व्हायचा, उन्हाळ्यात उतार पडायचा. कारण शोधता शोधता डॉक्टर शेगडीपाशी पोचले. घर तापवायला ते असंच प्रक्रिया केलेलं लाकूड जाळत होते आणि केस-नखांत आर्सेनिक सापडलं. शेगडीच्या राखेकडे मी ज्या आदराने बघतो त्याला ही हकिकतही कारण आहे.

तुमच्याकडे नेमकं काय आहे ते कसं ठरवायचं? पहिल्यांदा उरलेले तुकडे बघा. राख बघून जे कळणार नाही ते लाकूड सांगतं. एक तुकडा हातकरवतीने घराबाहेर, तोंडाला मुखपट्टी बांधून, आडवा कापा. बाहेरून करडं झालेलं लाकूड कापलेल्या तोंडावर कडेला हिरवट आणि गाभ्याला नैसर्गिक रंगाचं दिसलं, तर प्रक्रिया केलेलं आहे. पृष्ठभागावर ओळीने मारलेल्या छोट्या चिरा दिसल्या तर त्या द्रावण आत मुरावं म्हणून मारलेल्या असतात. जमिनीत पुरलेला भाग वीस वर्षांनीही कुजला नसेल तर तीही खूणच. हिरवटपणा दिसला नाही म्हणून लाकूड सुटलं असं मात्र धरू नका, जुन्या लाकडात तो उडून जातो.

मग राखेची पाण्याची चाचणी, आणि ती फक्त पाण्याची. हातमोजे आणि चष्मा घालून, घराबाहेर, टाकून देण्याच्या काचेच्या बरणीत चमचाभर पूर्ण निवलेली राख आणि पाणी घ्या, ढवळा, गाळ बसू द्या. वरचं पाणी हिरवं झालं आणि काही तासांत गुलाबी किंवा तपकिरीकडे झुकलं, तर मँगनीज. पाणी बिनरंगी राहून गाळच हिरवट दिसला तर तांब्याचा संशय घट्ट होतो, कारण राखेच्या पाण्यासारख्या तीव्र अल्कधर्मी पाण्यात तांबं फारसं उतरत नाही. पाणी लख्ख पिवळं दिसलं तर आणखी जपा, क्रोमेट, म्हणजे क्रोमियमचं विषारी संयुग, तसं दिसतं. मात्र अर्धवट जळलेल्या राखेचं पाणीही पिवळट-तपकिरी येतं, तेव्हा पिवळ्यावरून एकट्याने निकाल देऊ नका. मँगनीज निघालं म्हणजे आर्सेनिक नाही असंही सिद्ध होत नाही, दोन्ही एकाच राखेत असू शकतात. खात्री फक्त प्रयोगशाळेत धातूंचं विश्लेषण करून होते.

व्हिनेगर का नको, ते इथे. राखेत जस्ताच्या मुलाम्याचे खिळे किंवा ॲल्युमिनियमचे थेंब असतील तर आम्लाने हायड्रोजन सुटतो, आणि सोबत आर्सेनिक असेल तर आर्सीन नावाचा अत्यंत विषारी वायू तयार होऊ शकतो. कुंपणाच्या लाकडात जस्ती खिळे असणारच. एका चमच्यात तो किती होईल याचा हिशेब करत बसू नका, आम्ल टाकूच नका.

बाकीच्या संशयितांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण राख चाळताना ते भेटतील.

चुंबक जवळ ठेवा. काळे, चपटे, ठिसूळ, चुंबकाला धावून चिकटणारे पापुद्रे लोखंडाच्या भस्माचे असतात. ते शेगडीच्या छताच्या पत्र्यातून किंवा जाळीतून झडतात. दिसायला क्रिओसोटसारखेच, पण जड आणि न पेटणारे. दर वेळी ओंजळभर निघत असतील तर शेगडी जास्त तापतेय, पत्र्याची जाडी तपासा. चुंबकाला अगदी हलके चिकटणारे लालसर कण भाजलेल्या मातीचेही असतात, त्यांचं काही नाही.

चांदीसारखे, हलके, चुंबकाला न दाद देणारे थेंब ॲल्युमिनियमचे, ते ६६० अंशांना वितळतं. वेष्टनांतून, डब्यांतून येतं. त्याच आकाराचा पण हातात चटकन जड लागणारा, नखाने ओरखडा पडणारा, पिवळट साय धरलेला थेंब शिशाचा असू शकतो, ते ३२७ अंशांनाच वितळतं. असा थेंब सापडला तर जुन्या रंगवलेल्या लाकडाचा किंवा डाग दिलेल्या जुन्या सामानाचा विचार करा आणि ती राखही संशयितच धरा. हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

सोनेरी, पापुद्र्यांचे, अभ्रकासारखे चमकणारे तुकडे शेगडीच्या आतल्या व्हर्मिक्युलाइट फळीचे. फळी झिजली की बदलावी लागते, बाकी भय नाही. पांढरा, रेशमासारखा तंतूंचा पुंजका मात्र बोटांत चुरगळू नका. तो सिरॅमिक तंतूंच्या अस्तराचा असेल तर दीर्घकाळ हजार अंशांच्या आसपास तापल्यावर त्यात क्रिस्टोबॅलाइट नावाची स्फटिकी सिलिका तयार होते आणि ती फुप्फुसांना घातक असते. दाराच्या कडेची दोरी आज काचेच्या तंतूंची असते, पण शेगडी चाळीस-पन्नास वर्षं जुनी असेल तर ती ॲस्बेस्टॉसची असू शकते. डोळ्यांनी हा फरक ओळखता येत नाही, सूक्ष्मदर्शकच लागतो. तोवर पाण्याची हलकी फवारणी करून ओली ठेवा आणि हात लावू नका.

पांढऱ्या, मातकट ढेपा बहुतेक वेळा राखेला ओल लागून झालेल्या असतात. जोरदार धगीत राखेतल्या चुनखडीचा कळीचा चुना होतो. पाऊस धुराड्यातून आत आला की तो विरतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पुन्हा घट्ट बसतो. अशा ढेपा दिसल्या तर धुराड्याची टोपी तपासा. ओल्या राखेला कुजक्या अंड्यासारखा वास आला तर त्यात जिप्सम, म्हणजे भिंतीच्या गिलाव्याचे किंवा फळ्यांचे तुकडे जळले असतील. निखाऱ्यात जिप्समचा सल्फाइड होतो आणि ओल लागली की तो वास सोडतो. कधी कधी पांढरा दगड थेट लाकडातूनच येतो. काही उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या खोडात, जुन्या जखमेच्या जागी, चुनखडीचे खरेखुरे खडे साठतात. इरोको या आफ्रिकी लाकडात ते इतके मोठे असतात की करवतीची पाती मोडतात. चकाकणाऱ्या कागदाची राख मात्र अखंड करड्या पापुद्र्यांची राहते. त्या कागदाला पांढऱ्या मातीचा लेप असतो आणि माती जळत नाही.

पॅलेटचं, म्हणजे माल रचून ठेवायच्या लाकडी चौकटीचं लाकूड जाळत असाल तर त्यावरचा शिक्का वाचा. आयएसपीएम १५ या २००२ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ‘एचटी’ म्हणजे फक्त उष्णतेने निर्जंतुक केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. दुसरं शेगडीत नको. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपरही कधीच नकोत, ते डांबरी तेलात मुरवलेले असतात. समुद्रातून वाहून आलेलं लाकूड मिठाने भरलेलं असतं, त्याची ज्वाळा सुंदर दिसते पण ते शेगडीचं पोलाद खातं आणि धुरात डायॉक्सिनं नावाची विषारी संयुगं सोडतं.

आता तुमच्या समोरच्या राखेचं काय करायचं ते. निखारा राखेत दिवसेंदिवस जिवंत राहतो, तेव्हा निदान चार दिवस तिला शेगडीतच बंद राहू द्या. नंतर फवारणीने पृष्ठभाग किंचित ओलसर करा, बारीक धूळ अडवणारा मुखवटा, चष्मा आणि हातमोजे घालून धातूच्या फावडीने सावकाश उचला. झाडू मारू नका. घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर तर अजिबात वापरू नका, तो बारीक कण मागच्या बाजूने खोलीभर उडवतो. सगळी राख, खंगर आणि खिळे यांच्यासकट, झाकणाच्या लोखंडी डब्यात भरा, झाकण घट्ट आवळू नका आणि डबा घराबाहेर, फरशीवर किंवा दगडावर ठेवा. घट्ट झाकण नको कारण ओलसर राखेत ॲल्युमिनियमचे तुकडे असतील तर हायड्रोजन साठतो. डब्यावर ‘प्रक्रिया केलेल्या लाकडाची राख’ असं ठळक लिहा. घातक कचरा घेणाऱ्या स्थानिक यंत्रणेकडे ती द्यायची आहे, कचरापेटीत किंवा खतखड्यात नाही.

यापूर्वीच्या उपशातली राख तुम्ही वाफ्यात घातली असेल तर ती कुंपणाचे तुकडे जाळण्याआधीची होती का, हे आठवा. आधीची असेल तर बिनघोर राहा. स्वच्छ लाकडाची राख चौरस मीटरला मूठभर या बेताने घालायला हरकत नसते, फक्त युरियासारख्या खताबरोबर मिसळू नये, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. नंतरची असेल तर त्या वाफ्यातली भाजी, विशेषतः कंद आणि पालेभाजी, मातीची तपासणी होईपर्यंत खाऊ नका. घरात लहान मुलं असतील, किंवा या हिवाळ्यात कुणाला कारण न कळणारं पुरळ किंवा केस गळणं झालं असेल, तर डॉक्टरांना शेगडीबद्दल आवर्जून सांगा. ते स्वतःहून विचारतील असं नाही.

उरलेले कुंपणाचे तुकडे सरपणाच्या ढिगातून आजच बाजूला काढा आणि त्यातलाच एक तुकडा कापून त्याच्या तोंडाचा उजेडात काढलेला फोटो पाठवा. राखेच्या फोटोपेक्षा मला त्यावरून जास्त सांगता येईल.